बुडालेल्या जहाजाची खरी जागा

चित्रलेखा म्हणजे डूख धरणारी बाई. शाळेत एका मैत्रिणीनं हिची रांगोळी आपली म्हणून मिरवली, तर हिनं दहावी संपेपर्यंत तिच्याशी अबोला धरला. नवरा सलिल म्हणायचा, "तुझ्याशी भांडण म्हणजे लाइफटाइम मेंबरशिप!" यतिनला हे सगळं ठाऊक होतं, तरी त्यानं चोरी केली. विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय!

चित्रलेखा आणि यतिन मेलबर्नच्या एकाच युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकले. हिचा सख्खा भाऊ पुण्यात, म्हणून दर भाऊबीजेला यतिन ग्लेन वेव्हर्लीहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पॉइंट कुकला हिच्या घरी यायचा, पाटावर बसून ओवाळून घ्यायचा. त्याची लेक मयूरा हिला चित्राआत्या म्हणायची. नोकरीही एकाच कंपनीत होती, सोनार नावाच्या यंत्राच्या आवाजावरून पाण्याच्या तळाचे नकाशे बनवण्याची. नकाशे करायची ही, आणि साहेब यतिन.

कोरोना आला आणि समुद्रावरची कामं ठप्प झाली. मग कॅनडातल्या एका अथांग सरोवराचं काम घरबसल्या मिळालं; तिथली बोट सोनारच्या नोंदी पाठवायची. दोनशे वर्षांपूर्वी तिथे वादळात लढाऊ जहाजं बुडाली होती. खाऱ्या पाण्यात लाकूड किडे खातात. या थंडगार गोड्या पाण्यात ते शाबूत राहतं. पण आता कुठूनसे आलेले शिंपले त्यावर थर चढवत होते, म्हणून सगळं झाकून जायच्या आत जहाजांची चित्रं घ्यायची घाई होती. त्यातलं एक जहाज तर कुणाला सापडलंच नव्हतं.

चित्रलेखानं सगळा लॉकडाऊन त्या जहाजापायी घालवला. ओट्यावर लॅपटॉप, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. एका आर्वोला, म्हणजे दुपारी, सोनारच्या करड्या चित्रात दोन डोलकाठ्या उभ्या दिसल्या आणि ती अशी किंचाळली, की सलिलच्या मीटिंगमधून कुणीतरी विचारलं, "ऑल गुड, मेट?"

आणि मग कंपनीची घोषणा आली. जहाज शोधलं यतिननं. नकाशा हिचा, कोपऱ्यात नाव त्याचं. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या हातून ओवाळून घेतोस आणि माझ्याच घरात हात मारतोस, मेल्या?" घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला लॉकडाऊनची बंदी नसती तर ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली असती.

तेवढ्यात तिनं नकाशा नीट पाहिला, आणि तिला हसू फुटलं.

बुडालेली जहाजं जपणाऱ्यांची एक रीत असते. खरी जागा नकाशावर कधी घालायची नाही, नाहीतर हौशे-गवशे पाणबुडे जाऊन तोफगोळे उचलून आणतात. खूण मुद्दाम सरकवायची, आणि ज्याला नकाशा हवा त्यानं करणाऱ्याला फोन करून फरक विचारायचा. हिनंही तेच केलं होतं. यतिननं नकाशा उचलला होता हिच्या फोल्डरमधून, गुपचूप. चोर कुणाला फोन करणार?

"त्याला खरी जागा सांग ना," सलिल म्हणाला.

"का सांगू? जहाज त्यानं शोधलंय ना? मग जागा त्यालाच माहीत असणार. सगळ्यांसमोर तोंडानं कबूल करू दे, मग सांगेन."

जहाजाची चित्रं घ्यायच्या ठरल्या दिवशी सगळे झूमवर जमले. कॅनडात संध्याकाळ कलत होती, इकडे हिवाळ्यातली सकाळ. यतिन ब्लेझर घालून बसलेला, मांडीशी मयूरा. सरोवरातल्या बोटीवरून कॅमेरा घेऊन रोबो खाली गेला. तळाशी गाळ. पुढे गाळ, मागे गाळ. बोटीवरच्या बाई म्हणाल्या, वारा वाढतोय, लवकर सांगा कुठे जायचं. यतिनला आता कुठे खूण सरकवायची रीत आठवली, चेहरा पांढराफटक. चित्रलेखानं चहाचा घोट घेतला. असा गोड चहा तिनं वर्षात प्यायला नव्हता.

शेवटी त्यानं माइक उघडला. "चित्रा, फरक सांग ना, प्लीज," मराठीत, हळूच.

"इंग्लिशमध्ये बोल," ती म्हणाली. "सगळ्यांना कळू दे."

त्यानं मयूराकडे पाहिलं. वाऱ्यानं बोट हेलकावत होती. चित्रलेखा बघत राहिली, हललीसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "द मॅप इज नॉट माइन. चित्रलेखा फाउंड द शिप. आय टुक इट."

तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. तिनं लगेच खरी जागा सांगितली.

पण बोटीवरच्या बाई म्हणाल्या, आता शक्य नाही, वादळ आलंय. रोबो वर ओढून घेतला. पुढचा मोसम कोरोना देईल तेव्हा, आणि तोवर शिंपले जहाजाचं काय ठेवतील ते. एकेक जण निरोप घेऊन गेला.

यतिनही उठून गेला, स्क्रीनवर मयूरा तेवढी उरली. डोळे पुसत तिनं विचारलं, "आत्या, यू न्यू द रिअल स्पॉट? ऑल धिस टाइम?"

"हो," चित्रलेखा म्हणाली.

मयूरानं लॅपटॉप मिटला.