व्हॉल्व्हावरचा शेंदूर

धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या वाफेच्या इंजिनावर आमचं घर चाललं, आणि त्या इंजिनाचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं माझ्या हातानं दुरुस्त झाला. तरी ते इंजिन चालताना बघायला मला कुणी आत घेतलं नाही. वय झालं की राग विझतो म्हणतात. माझा काही विझलेला नाही.

लग्न झालं ते देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात. माहेर पहूरचं, शेतकऱ्याचं. यंत्र म्हणून मी मोटेचं चाक तेवढं पाहिलेलं. नवरा जिनिंगमध्ये फिटर. (नवऱ्याला अरेतुरे करते म्हणून नाक मुरडू नका. जन्मभर अहो-जाहो केलं, कागदावर तरी मोकळं होऊ द्या.) हंगाम संपला की कारखाना बंद, आणि पावसाळ्यात इंजिनाचा व्हॉल्व्ह खोलून आमच्या पडवीत यायचा. पालथ्या डब्यासारखा बिडाचा जड तुकडा. इंजिनात तो मागेपुढे सरकतो आणि वाफ कधी या बाजूला, कधी त्या बाजूला सोडतो. हंगामभर घासून त्याचा तळ उंचसखल होतो, मग फटीतून वाफ निसटते. तो तळ पुन्हा सपाट करायचा. सांगायला एवढंच काम.

बिडाच्या सपाट पाटीवर तेलात कालवलेला शेंदूर अगदी पातळ चोळायचा. त्यावर व्हॉल्व्ह ठेवून हलकेच फिरवायचा. उचलला की जिथे उंचवटा तिथे लाल ठिपका. जुन्या कानशीला धार लावून केलेल्या हत्यारानं तो ठिपका खरवडायचा, पुसायचा, पुन्हा पाटीवर ठेवायचा. आधी दोनचार मोठे डाग दिसतात. तळभर बारीक ठिपके सारखे पसरले की झालं. नवऱ्याच्या अंगात ताकद होती, धीर नव्हता. उंचवटा काढायला जायचा आणि खड्डा पाडून बसायचा. पहिल्याच पावसाळ्यात त्यानं चिडून हत्यार फेकलं आणि चहा प्यायला निघून गेला. मी ते उचललं. मला कुणी शिकवलं नाही. तो कुठे चुकतो ते बघत होते, तेवढं पुरलं.

परत आल्यावर त्यानं तळावरून बोट फिरवलं. सकाळी हत्यार माझ्यापुढे ठेवून गेला, आणि तेव्हापासून ते काम माझं झालं.

माझे लाल हात बघून सासूबाई कडाडल्या, "शेंदूर देवना शे! बाईनी त्याले हात लावू नही!"

"तो देवना नही, कामना शे," नवरा म्हणाला.

चूल त्या शेंदरावर पेटते हे ध्यानात आल्यावर सासूबाईंचा देव जरा मऊ झाला. शेजारणी आल्या की मात्र मला आधी हात धुवायला लावायच्या.

मला शाबासकी नको होती. खोटं कशाला बोलू, हवी होती. पण तिच्याआधी मला ते इंजिन बघायचं होतं. व्हॉल्व्ह नीट बसला की त्याचे फुत्कार सारख्या अंतरानं येतात, असं नवऱ्यानंच सांगितलं होतं. माझ्या व्हॉल्व्हावर ते मोठं चाक फिरताना एकदा डोळ्यांनी बघावं, बस. दर दसऱ्याला मी विचारायची, आणि दर दसऱ्याला उत्तर एकच. इंजिनावरच्या ड्रायव्हरचा नियम होता: "बाईनी सावली पडनी का इंजन रुसस." त्याच दिवशी पूजेला इंजिनाला शेंदूर फासत. तो माझ्याच पुडीतला असायचा, मीच बांधून द्यायची.

गंमत अशी की इंजिनघराच्या भिंतीच्या अलीकडे, रेच्यांवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रांवर, कापूस घालायला सगळ्या बायकाच. त्यांच्या सावल्या पडून रेचे काही रुसत नव्हते. मग एका हंगामात मीही मुकादमाला भेटले आणि रेच्यावर जाऊन बसले. नवरा घरात भांडी आपटत फिरला. "फिटरनी बायको रेच्यावर?" त्याची लाज गेली. माझं काय गेलं, ते विचारायची त्याला गरज वाटली नाही.

पण तिथूनही दिसला तो फक्त रेचे फिरवणारा इंजिनाचा पट्टा. भिंतीच्या भोकातून येणारा, परत जाणारा. फुत्कार मात्र ऐकू आले. सारखे, एकामागून एक, कुठे अडखळ नाही. मी शेजारच्या बाईला म्हटलं, "ऐकतेस ना? तो व्हॉल्व्ह माझा आहे."

"तुना वाल?" ती हसून म्हणाली. "मंग भोंगा मना शे!"

त्या दिवसापासून भोंगा वाजला की बायका म्हणायच्या, "अक्का, बंद कर वं तुनं इंजन, भूक लागनी." मीही हसायची. न हसून सांगते कुणाला?

एकदा जेवणाच्या सुट्टीत ड्रायव्हर जिनिंगच्या अंगणात नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भाऊ, काय हात शे तुना!" मी केसातला कापूस वेचत तिथेच बसले होते. नवऱ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं असतं तरी मी सगळं सोडून दिलं असतं. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि विडी पेटवली.

पुढे विजेची मोटर आली. इंजिन थांबलं ते थांबलंच. एका सकाळी मुकादम मला म्हणाला, "अक्का, इंजनघर झाडी टाक."

"आणि सावली?" मी विचारलं.

"आते कसानी सावली? भंगार शे ते."

अशी मी इंजिनघरात गेले, हातात झाडू घेऊन. चाक माझ्या दुप्पट उंच होतं. जागेवर उभं. नवरा भंगारवाल्यासाठी बोल्ट सोडत होता. व्हॉल्व्ह जमिनीवर तळ वर करून पडला होता आणि त्याच्या कोपऱ्यात माझ्या हत्याराच्या बारीक खुणा अजून चमकत होत्या.

नवऱ्यानं मान वर केली. "तुले देखनं व्हतं ना? देखी ले आते."

खवचटपणे नाही, अगदी सहज म्हणाला. तेच मला जास्त लागलं. इतकी वर्षं मला काय हवं होतं हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं.

भंगारवाल्यानं घण उचलला. बीड ते, वाकत नाही, फुटतं. तुकडे टोपलीत भरून बाहेर नेण्याचं काम बायकांचं होतं. नवरा पुढचा बोल्ट सोडायला वळला. मी पदर खोचला, टोपली भरली आणि माझा व्हॉल्व्ह डोक्यावर घेऊन बाहेर नेऊन टाकला.