मनोरीला गेलेलं कार्ड

बोरिवली कोर्टासमोरच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर, नाबर वकिलांचं ऑफिस होतं. वकिलांना कायदा पाठ होता. बाकीचं सगळं त्यांच्या कारकुनाला, जयवंत परबाला. कुठल्या पक्षकाराचे कागद कुठल्या बासनात, कोणाला तारखेची आदल्या दिवशी आठवण करावी लागते, कोणाला चहा पाजल्याशिवाय खरं बोलता येत नाही, हे जयवंताला विचारावं. एकोणीस वर्षं तो दारालगतच्या त्याच खुर्चीवर बसत होता. त्या खुर्चीचा उजवा हात त्याच्या कोपराने गुळगुळीत झाला होता. वाकोल्याहून तो रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचा आणि खिशाला दोन पेनं लावायचा. एक निळं, एक लाल. लाल पेन फक्त तारखा लिहायला.

हा नेमस्त माणूस नोकरी घालवायच्या बेतात आला, त्याचं कारण सरूबाई.

सरूबाई मनोरीची कोळीण. तिचा दीर लहू याने सामाईक अंगणातले तिचे बोंबील वाळत घालायचे बांबू उपटून खाडीत टाकले होते. सरूबाईने त्याच्यावर फिर्याद लावली, त्याला चौथं वर्ष चालू होतं. प्रत्येक तारखेला ती होडीने मार्व्याला, तिथून बसने, असं करत कोर्टात यायची, दिवसभर बाकावर बसायची, आणि संध्याकाळी जयवंत सांगायचा, "मावशी, पुढची तारीख."

चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये ती भडकली.

"काय रं जयवंता, दर खेपेला पन्नास रुपये घेतोस, ते कशाचे?"

"तारखेचे, मावशी."

"तारीख तर कॅलेंडरात पन हाय! मी पापलेटाचा वाटा लावते, तर गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतं, वास घेतं, मग पैसा काढतं. तुज्या सायबाचा वाटा मना कुठं दिसलाय? आज त्याने काय काम केलं, ते सांग ना!"

जयवंताने हसावं तर ती टोपली डोक्यात घालेल, आणि ती काही खोटं बोलत नव्हती. त्या रात्री तो नीट जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वकिलांपुढे योजना मांडली: प्रत्येक तारखेनंतर पक्षकाराला पंधरा पैशांचं कार्ड टाकायचं. त्यात कोर्टात काय झालं, आपण काय केलं, त्याचे किती, पुढची तारीख कोणती.

वकील तेव्हा पान लावत होते. "लिही बापडा. सही पाहिजे तिथे ठेव."

कार्डं सुरू झाली. वकील पानाला चुना लावत एकामागून एक सह्या करायचे. वाचायचे मात्र एकही नाही. इतकी वर्षं जयवंताने लिहिलेलं त्यांनी कधी वाचलं नव्हतं. तो चुकतच नसे.

ऑक्टोबरातल्या तारखेला सरूबाई आली नाही. बोंबलाचा हंगाम जोरात होता. "मी येनार नाय, असा माजा अर्ज दे, मना कार्ड टाक," असा तिचा निरोप होता. त्या दिवशी तिच्या खटल्याचा पुकारा झाला तेव्हा नाबर वकील कँटीनमध्ये होते. जयवंतानेच धावत जाऊन अर्ज दिला, पुढची तारीख घेतली, आणि ऑफिसात येऊन नेहमीप्रमाणे कार्ड लिहिलं:

"आज पुकारा झाला तेव्हा साहेब कँटीनमध्ये मिसळ खात होते. त्यामुळे काम झाले नाही. वकील फी: काही नाही. पुढील तारीख १२ नोव्हेंबर."

खाली सही: वि. ना. नाबर, वकील.

जयवंत हुशार होता, पण ऑफिसात वाढलेला. मनोरीला कार्ड कसं पोचतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिथे पोस्टमन धक्क्याजवळच्या ओट्यावर यायचा, मासळी निवडणाऱ्या बायका भोवती बसायच्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं तो खणखणीत आवाजात वाचायचा. सरूबाईचं कार्ड म्हटल्यावर तर बायका कोयते बाजूला ठेवायच्या. मिसळीचं कार्ड लोकाग्रहास्तव तीनदा वाचलं गेलं.

बारा नोव्हेंबरला नाबर वकील काळा कोट सावरत कोर्टाच्या पायऱ्या चढत होते, तेव्हा समोरून आरोपी लहूने अदबीने हात जोडले.

"सायेब, आज न्याहारी झाली काय? नायतर आमी थांबतो."

मागे मनोरीची पाचसहा माणसं फिसकन हसली.

तासाभरात वकिलांना सगळं कळलं. ऑफिसात येऊन त्यांनी कोट खुर्चीवर आपटला.

"जयवंत! मी मिसळ खाल्ली हे तू सहीनिशी गावाला कळवलंस?"

"सही आपलीच आहे, साहेब."

"तेच तर म्हणतोय मी! सोमवारपर्यंत ते कार्ड माझ्या टेबलावर पाहिजे. नाही आलं तर दुसरं ऑफिस बघ."

घरी बायको नलिनीने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "खरां लिहूक तुमका कोणी सांगितलेला? 'अपरिहार्य कारणास्तव' असा लिहूचा ना!"

"अगो, पण कारण अपरिहार्य नव्हता," जयवंत म्हणाला. नलिनीला हसू आवरेना.

जयवंताला मात्र हसू येत नव्हतं. दुसऱ्या ऑफिसात त्याला कोण घेणार? खुर्चीचा तो गुळगुळीत हात आठवत रविवारी सकाळी तो मनोरीला गेला.

सरूबाईच्या पडवीत खिळ्याला दोरा बांधून सगळी कार्डं ओवली होती. मिसळीचं सर्वांत वर.

"मावशी, हे एक परत द्या. माझी नोकरी जाते आहे."

"पावती कोन परत देतं काय रं?" सरूबाई म्हणाली. "चार वर्सांत हा एकच दिवस मना खरं कळलं, तोच कागद मागतोस?"

अंगणापलीकडे लहू जाळं विणत होता. त्याने मान वर केली. "वयनी, तुजा वकील मिसळ खातो ते तरी तुला कळतं. माजा काय करतो, देवाला ठावं. माजी केस मना तुज्याच कार्डातनं कळते. परब, मना पन टाकशील एक कार्ड?"

"तुम्ही विरुद्ध पार्टी," जयवंत घाबरून म्हणाला. "तुम्हाला कसं टाकू?"

"विरुद्ध कसला? दर कार्डाला भावजयीच्या मांडीला मांडी लावून बसतो ओट्यावर!"

सरूबाईला आधी हसू आलं, मग तिने ते दाबून तोंड वाकडं केलं. "आलास मोठा. बांबू कोनी उपटले?"

"रागात उपटले, वयनी."

"मग लाव ना परत!"

लहूने जाळ्याची गाठ ओढली. "लावतो," तो म्हणाला. "पन तुज्या बोंबलाचं पानी माज्या दारात नको. दोन हात पलीकडं लावीन."

"हव, लाव," सरूबाई म्हणाली.

चार वर्षांचा खटला एवढ्यात मिटला. जयवंत कार्ड मागायला आला होता, तो रिकाम्या हातानेच परत निघाला. कार्ड सरूबाईने सोडलं नाही ते नाहीच.

सोमवारी ती स्वतःच ऑफिसात आली. कमरेचं कार्ड काढून तिने वकिलांच्या टेबलावर ठेवलं, पण त्याच्यावरचं बोट उचललं नाही.

"सायेब, हे बघायला आनलंय, द्यायला नाय. आमचा खटला मिटला, तो ह्या कार्डापायी. आनि खाली चार मानसं उबी हायत, मनोरीची. त्यांना, खायला गेलो तर खायला गेलो असं खरं सांगनारा वकील पायजे. पन कार्ड ह्या परबानेच लिवायचं. तो नसला तर ती चौघं चालली परत."

नाबर वकिलांनी चष्मा लावला आणि त्या बोटाच्या दोन्ही बाजूंनी कार्ड वाचलं. जयवंताने लिहिलेलं काही ते पहिल्यांदाच वाचत होते. बराच वेळ वाचत राहिले.

"अक्षर चांगलं आहे तुझं," शेवटी ते म्हणाले. मग दाराकडे पाहून म्हणाले, "उभा काय राहिलास? बस तुझ्या जागेवर. त्या चौघांना वर बोलाव."

तडजोडीच्या तारखेला वकील पावणेअकरालाच कोर्टात हजर होते. संध्याकाळी जयवंताने सरूबाईचं शेवटचं कार्ड लिहून सहीला ठेवलं:

"तडजोड मंजूर झाली. खटला संपला. वकील फी: पन्नास रुपये. साहेब वेळेवर हजर होते. मिसळ काम झाल्यावर खाल्ली."

वकिलांनी ते पहिल्या शब्दापासून वाचलं. मग जयवंताच्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं, काहीही खोडलं नाही, आणि सहीच्या वर स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली:

"तोवर ती गार झाली होती."