नटीचे रुसवे आणि आमच्या वन्सं

"अगं, बाई पुन्हा खोलीत जाऊन बसल्या!"

ओटीवरून ह्यांची हाक आली तेव्हा मी मागच्या पडवीत चिकू निवडत होते. मोठा एका क्रेटमध्ये, बारका दुसऱ्यात, पाखरांनी टोचलेला घरी खायला. हात चिकाने बरबटलेले होते. मी तिथूनच ओरडले, "मग बसू दे की! भूक लागली की येईल बाहेर."

"त्यांना भूक लागत नाही," हे म्हणाले. "तशी सोयच नाही त्यात."

बाई म्हणजे टॅबवरच्या एका खेळातली नटी. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दीड महिना घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं, आणि आठवड्याभरात ह्यांची घरातली घड्याळं तपासून झाली, पंख्यांना तेल देऊन झालं, मग ह्यांनी माझ्या स्वयंपाकघराची नवी मांडणी सुचवायला सुरुवात केली. मी पुण्याला लेकीला फोन करून रडकुंडीला येऊन सांगितलं, "काहीतरी कर, नाहीतर मी ह्यांना क्रेटमध्ये भरून बाजारात पाठवते." ती रविवारी डहाणूला आली आणि टॅबवर हा खेळ घालून देऊन गेली. आपण सिनेमाच्या स्टुडिओचे मालक. नटनट्या नेमायच्या, सिनेमे काढायचे, आणि मुख्य म्हणजे त्या नटनट्यांचे लहरी स्वभाव सांभाळायचे. लेक म्हणाली, "बाबांना माणसं सांभाळायची सवय आहे, त्यांना जमेल."

सवय होती खरी, पण कसली ते तिला ठाऊक नव्हतं. हे तेहतीस वर्षं तारापूरच्या एका कारखान्यात होते, शेवटची बारा वर्षं शिफ्टचे इन्चार्ज. भोंगा वाजला की माणूस मशीनपाशी दिसला पाहिजे, एवढं एकच शास्त्र ह्यांना येत होतं. तेच त्यांनी स्टुडिओत लावलं. सकाळी आठचं शूटिंग म्हणजे आठचं. हिरो म्हणाला, मला मोठी व्हॅन पाहिजे. ह्यांनी त्याला लेखी समज दिली. खेळात लेखी समज द्यायची सोय होती हे बघून ह्यांना कोण आनंद झाला होता! दुसऱ्या दिवशी हिरो समोरच्या स्टुडिओत निघून गेला. विनोदी नटाला रोज कोणीतरी "काल छान झालं हं" असं म्हणावं लागे. हे म्हणाले, छान झालं की नाही ते मी ठरवीन. तो कोपऱ्यात बसून रडायला लागला आणि रडतच राहिला. पहिला सिनेमा आठवड्यात उतरला.

"ही काय माणसं आहेत!" हे चिडून म्हणाले.

"माणसं नाहीत, चित्रं आहेत," मी म्हटलं. "तुम्हाला चित्रंसुद्धा टिकवता येईनात."

माझी जीभ अशी सैल सुटते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, ह्यांना सवय आहे. माझा राग दुधासारखा वर येतो आणि लगेच खाली बसतो. ह्यांचा राग येतच नाही असं लोक म्हणतात. येतो, पण तो आत कुठेतरी ठेवून देतात आणि वर्षानुवर्षं जपतात.

सगळे सोडून गेले तरी बाई राहिल्या होत्या. पन्नाशीची नटी, जांभळा झगा, केस उंच बांधलेले, भुवया सदा चढलेल्या. अभिनयाला स्टुडिओत सगळ्यांत वरचे गुण तिचे, आणि रुसव्यातही तीच पहिली. पोस्टरवर नाव दुसरं आलं की रुसली. खोलीत फुलं शिळी दिसली की रुसली. तिच्या चेहऱ्याशेजारी एक पट्टी होती. खूश असली की हिरवी, मग पिवळी, मग लाल. पट्टी लाल झाली की ती खोलीत जाऊन दार लावून घ्यायची आणि अख्खा सिनेमा अडून बसायचा. हे तिला कधी "ती" म्हणाले नाहीत. पहिल्या दिवसापासून "बाई". त्यांचा तिच्यावर जीव जडला होता हे मला चौथ्या दिवशीच कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटली. दुपारचा चहा घेऊन मीही ओटीवर बसायला लागले. "आज काय बिनसलं बाईंचं?" असं मीच आधी विचारायला लागले.

रुसलेल्या माणसासाठी खेळात तीन उपाय होते. निरोप पाठवा, भेटवस्तू पाठवा, किंवा स्वतः जाऊन भेटा. निरोपाला वेळ लागत नसे. भेटवस्तूलाही नाही. स्वतः गेलं की मात्र स्टुडिओचा पूर्ण दिवस वाया जाई, त्या दिवशी काहीच शूटिंग होत नसे. हे दर वेळी निरोप पाठवत. पट्टी जरा पिवळी होई आणि दोन दिवसांनी पहिल्यापेक्षा जास्त लाल.

आता सांगायला हरकत नाही, आमच्या आळीत लग्नघरातले रुसवे काढायला मलाच बोलावतात. जावई रुसला, मामा रुसला, बँडवाला रुसला, मला निरोप येतो. मी जाते, बाजूला बसते, पाणी मागते, त्याचं सगळं ऐकून घेते, आणि तासाभरात माणूस पंगतीत बसलेला असतो. त्यामुळे त्या दुपारी चिकू निवडून ओटीवर आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात म्हणून गेले, "अहो, निरोपावर कधी कोणी येतं का? एक दिवस गेला तर गेला. उठा आणि जा तिच्याकडे."

ह्यांनी टॅब मांडीवर पालथा ठेवला. मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसले.

ह्यांना एकच बहीण, ह्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तळासरीच्या अलीकडच्या एका गावात दिलेली, घरची भात-नाचणीची शेती. आई लवकर गेली म्हणून ह्यांना तिनेच लहानाचं मोठं केलं. ती चार वर्षं आमच्या घरी आली नव्हती. कारण होतं आमच्या लेकीचं लग्न. आमच्या घरात लग्नाची पहिली पत्रिका देवीपुढे ठेवतात आणि दुसरी सासरी गेलेल्या मुलीला द्यायची असते, तीही तिच्या दारात जाऊन, हातात अक्षता देऊन. शिवाय हळदीला पहिला हात आत्याचा. आम्ही दोघं गाडीने विवळवेढ्याला गेलो, महालक्ष्मीपुढे पत्रिका ठेवली. तिथून तळासरी हायवेने सरळ पुढे, अर्ध्या-पाऊण तासाची वाट. पण आम्ही तिथूनच मागे फिरलो. ह्यांनी देवळाच्या आवारातून बहिणीला फोन केला, पत्रिका मोबाइलवर पाठवतो म्हणाले.

"देवीपर्यंत आलास," ती म्हणाली, "पुढे रस्ता बंद होता का रे?" आणि तिने फोन ठेवला.

लग्नाला तिच्या घरचे सगळे आले, ती आली नाही. हळदीला पहिला हात एका चुलत नणंदेने लावला. लेक पाटावर बसून सारखी दाराकडे बघत होती. पूर्वी नणंद दर भाऊबीजेला माहेरपण म्हणून आमच्याकडे यायची. त्या वर्षापासून तेही थांबलं. तिने बोलावलं नाही म्हणून हे गेले नाहीत, आणि ह्यांनी बोलवायला जावं म्हणून ती वाट बघत बसली. भाऊबीजेच्या दिवशी हे आंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दुपारपर्यंत ओटीवर बसत. मग कपडे बदलून बागेत जात. मला ते बघवत नसे. चार वर्षं मी ते बघितलं आणि गप्प राहिले, ह्याची मला आजही लाज वाटते.

कारण त्या दिवशी देवळापासून मागे फिरा म्हणणारी मीच होते. शिंपी पाचला दुकान बंद करणार होता आणि माझे दोन ब्लाऊज त्याच्याकडे होते. "वन्संना फोन केला तरी चालेल, त्या काय परक्या आहेत," हे शब्द माझे. जगाचे रुसवे काढत फिरणारी मी, आणि घरच्या माणसाला फोनवर उरकायला मीच सांगितलं. ह्यांनी बहिणीला ते कधी सांगितलं नाही. सगळा दोष स्वतःकडे घेतला आणि मलाही त्यावरून एक शब्द ऐकवला नाही.

त्या दुपारनंतर तीन-चार दिवसांनी बाईंची पट्टी लालभडक झाली आणि सूचना आली, उद्यापर्यंत मनधरणी झाली नाही तर बाई स्टुडिओ सोडून जातील. मी शेंगा सोलत शेजारी बसले होते. ह्यांनी बराच वेळ बोट वर धरलं आणि मग "स्वतः जाऊन भेटा" वर टेकवलं. पडद्यावर सगळे दिवे मालवले. कोट घातलेला छोटासा मालक चालत निघाला, एवढ्या मोठ्या रिकाम्या स्टुडिओतून, एकटाच. बाईंच्या दाराशी जाऊन त्याने दार ठोठावलं. उघडलं नाही. पुन्हा ठोठावलं. तिसऱ्यांदा दार उघडलं, हा आत जाऊन खुर्चीवर बसला, आणि पट्टी हळूहळू हिरवी होत गेली. त्याने काही दिलं नाही, काही बोलला नाही. नुसता बसला होता.

ह्यांनी चष्मा काढला आणि पंच्याने पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

"डॉक्टरांनी आता गाडीत बसायला परवानगी दिली आहे ना?" मी विचारलं.

"दिली आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं. लग्नाच्या पत्रिका उरल्या होत्या, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी वाणसामानाच्या याद्या लिहीत असे. एक कोरी सापडली. तांदळाला कुंकू लावून अक्षता केल्या. भाड्याची गाडी बोलावली. विवळवेढ्याला गाडी जराशी थांबवून आम्ही आतूनच हात जोडले. ड्रायव्हरने विचारलं, "उतरायचं नाही का?" हे म्हणाले, "नाही, पुढे चल."

नणंद ओट्यावर सूप घेऊन नाचणी पाखडत होती. चार वर्षांत केस सगळे पांढरे झाले होते. गाडीतून काठी टेकत उतरणाऱ्या भावाला तिने बघितलं, आणि पुन्हा सुपात मान घातली. हे ओट्याच्या पायरीवर बसले. मी उभीच राहिले. ती पाखडत राहिली आणि कोंडा आमच्या अंगावर उडत राहिला.

"पायाला काय झालं?" शेवटी तिने विचारलं, वर न बघता.

"गुडघ्याचं ऑपरेशन."

"मला कळवायला पण रस्ता बंद होता वाटतं."

मी पुढे झाले, तिच्या हातातलं सूप बाजूला ठेवलं, ओंजळीत अक्षता घातल्या, वर पत्रिका ठेवली आणि म्हटलं, "वन्सं, घरी लग्न आहे. तुम्हाला यायचं आहे."

तिने ब्लाऊजमधला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि अख्खी पत्रिका वाचली. देवाच्या नावापासून ते आपल्या नम्र निमंत्रकांपर्यंत. मग म्हणाली, "तारीख गेली की गं."

"हो," मी म्हटलं. "चार वर्षं झाली. आणि वन्सं, त्या दिवशी देवळापासून मागे फिरा म्हणणारी मी. शिंप्याकडून ब्लाऊज आणायचे होते. ह्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, पण चूक माझी होती."

तिने भावाकडे बघितलं. "आणि तू चार वर्षं गप्प बसलास?"

"काय सांगणार होतो?" हे जमिनीकडे बघत म्हणाले. "गाडी मीच चालवत होतो ना."

मला वाटलं आता ही आमच्यावर सूप फेकणार. पण ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ब्लाऊज तरी नीट झाले का?"

"नाही हो. दंडात घट्ट. अख्खं लग्न मी हात खाली ठेवून काढलं."

ती हसली. आधी तोंड दाबून, मग मोकळी हसली, मग हसता हसता रडायला लागली आणि भावाच्या पाठीत एक जोराचा धपका घातला. तिचे डोळे पुसून झाल्यावर ती उठली.

"थांबा जरा. पातळ बदलते. लग्नाला काय अशी येऊ?"

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघर बघितलं, ओटीवरची माती बघून नाक मुरडलं, मग मला वाटीत हळद कालवायला सांगितली. कशाला ते मी विचारलं नाही. लेकीला टॅबवरून व्हिडिओ फोन लावला. ती कचेरीत होती. आत्याचा चेहरा दिसल्यावर तिने "आत्या?" एवढंच म्हटलं. आत्याने वाटीत बोट बुडवलं आणि टॅबच्या काचेवर, लेकीच्या गालावर, हळदीचं बोट टेकवलं. लेकीने पुण्याला आपला गाल पुढे केला आणि डोळे मिटून घेतले.

नणंद आठ दिवस राहिली. हे अजूनही खेळतात, पण रोज जेवणाआधी त्यांचा मालक बाईंच्या खोलीत जाऊन बसून येतो, मग शूटिंग बुडो नाहीतर होवो. टॅबची काच मी एकदा ओल्या फडक्याने पुसायला गेले तर ह्यांनी हात धरला. तो डाग वाळून अजून तिथेच आहे. बाई पडद्यावर त्या जागी आल्या की त्यांच्या गालालाही हळद लागलेली दिसते.