सुवार्तिक दानियलभाऊ

रूथबाईंचा फोन आला तेव्हा मी राजुऱ्याच्या बसस्टँडसमोर एका दुकानाचं शटर रंगवत होतो. "पेंटरभाऊ, चहा घेऊन गेली तं हे उठलेच नाई..." नवऱ्याबद्दल, म्हणजे दानियलभाऊंबद्दल, एवढंच बोलल्या. दीड महिना झाला त्याला.

दानियलभाऊंची माझी ओळख एका शब्दामुळे झाली. गोंडपिपरीकडच्या आपल्या गावाहून ते पाटी करून घ्यायला आले होते. नावाआधी 'सुवार्तिक' लिहायचं होतं. इतकी वर्षं मराठी अक्षरं रंगवतोय, पण मी मुसलमान, हा शब्द कधी लिहिला नव्हता. "म्हणजे पाद्री ना?" मी विचारलं. "नाई जी. पाद्रीले चर्च असते, तो बाप्तिस्मा देते, लग्न लावते. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. देवानं माफ केलं, तारण झालं, एवढंच सांगत मी गावोगाव फिरतो." गावांत मात्र त्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. पोरं मागून 'हालेलुया' ओरडायची, मोठी माणसं बैल सोडायचं निमित्त करून उठून जायची. तरी ते हसत परत यायचे.

मग त्यांची एकुलती एक लेक एस्तेर गेली. सिकलसेल होता. चंद्रपूरच्या दवाखान्यात रक्त चढवायला नेत, तिथेच गेली, एकोणिसाव्या वर्षी. आठ दिवसांनी पाटी काखेत घेऊन ते माझ्याकडे आले. "पहिला शब्द पुसून द्या."

"भाऊ, शब्दाचा काय दोष?"

"लोकाईच्या घरी चांगली बातमी सांगत गेलो. माह्या घरी काय सांगू? तिची माय इचारते, पोरगी काऊन नेली? मले सांगता येत नाई."

मी पाटीच्याच रंगाचा हात त्या शब्दावरून फिरवला. मन निवलं की परत लिहायला सांगतील असं वाटलं होतं... त्यांनी कधीच सांगितलं नाही. फिरणं थांबलं. दर सोमवारी मात्र एस्तेरच्या वॉर्डात जात आणि ज्याचं कोणी आलेलं नसेल त्याच्या खाटेजवळ बसत. प्रार्थना नाही, उपदेश नाही. पाणी आणून देत, औषधाच्या रांगेत उभे राहत. "यानं बरं वाटतं का?" मी एकदा विचारलं. "नाई," ते म्हणाले, "पण घरी बसवत नाई."

मागच्या सोमवारी डोळे दाखवायला चंद्रपूरच्या त्याच दवाखान्यात गेलो आणि पाय त्या वॉर्डाकडे वळले. दाराशी एटापल्लीकडची एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. मला घुटमळताना पाहून म्हणाली, "सुवार्तिक भाऊ आले का जी?"

मी दचकलोच. "हा शब्द तुम्हाला कोणी सांगितला?"

"सिस्टरबाई म्हणते त्याईले तसं. ज्याचं कोणी नाई, त्याच्यापाशी बसते तो."

"ते वारले, बाई."

ती लेकराला दुसऱ्या मांडीवर घेत म्हणाली, "मंग मी रक्ताच्या चिठ्ठीले गेली, तं पोरापाशी कोण थांबन?"

'मी थांबतो' हे तोंडाशी आलं होतं. पण राजुऱ्याची एसटी सुटायची वेळ झाली होती. मी मान खाली घालून चालू लागलो.