धुरा कुठे संपतो?

चिखलीच्या शाळेत मी सहावीला गणित शिकवते. रेषा, रेषाखंड आणि किरण हा धडा दरवर्षी दोन तासिकांत उरकते. रेषाखंडाला दोन टोकं. किरण एका बिंदूपासून निघतो आणि पुढे जातच राहतो. रेषेला दोन्हीकडे अंत नाही. बाण काढायला विसरणाऱ्या पोरांचा मी अर्धा गुण कापते, आणि तेवढी कडक शिस्त हवीच असं मला वाटतं.

हाच धडा बाबांना आणि काकांना मात्र मला शिकवता आला नाही.

आमचं शेत अमडापूरजवळ. शेजारचं शेत काकांचं. ते बाबांचे चुलतभाऊ. दोन शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हद्दीचे दोन दगड आहेत, एक रस्त्याकडे, दुसरा नाल्याच्या थोडा अलीकडे. या दोन दगडांमधल्या धुऱ्यावरून कधीच भांडण नव्हतं. भांडण होतं दुसऱ्या दगडापासून नाल्यापर्यंतच्या गवताच्या तुकड्याचं. लांबी जेमतेम वीस पावलं, मधे एक बोरीचं झाड. बाबा म्हणत, धुरा दगडापाशी संपला, पुढे आमच्याच म्हशी चरत आल्या, तेव्हा पुढचं सगळं आमचं. काका म्हणत, धुरा तसाच सरळ नाल्यात उतरतो, म्हणून अर्धं माझं. एवढ्यावरून बारा वर्षं दोघे बोलत नव्हते. अगदीच अडलं तर काकू निरोप पोचवायच्या.

गेल्या दिवाळीला मी घरी गेले, तेव्हा काका धुऱ्यापलीकडून मला म्हणाले, "तू मास्तरीण हायेस ना? सांग मंग, कोनाचं बरोबर हाय?"

मी उत्साहाने काडी घेतली आणि मातीत आकृती काढली. "बाबा, तुमचा धुरा म्हणजे रेषाखंड. काका, तुमचा किरण."

"किरण कोन वं?" बाबा म्हणाले. "तो कुठून आला आमच्यात?"

मी समजावलं. काका खूश झाले. "म्हंजे पुस्तकात माह्याच बाजूनं लिहेल हाय!"

"पुस्तकात दोन्ही आहे काका. तुमचा धुरा त्यातला कोणता, ते पुस्तक सांगत नाही."

"एवढी शिकली, अन् अर्धंच सांगते," बाबा म्हणाले. काकांनी मान डोलावली. कित्येक वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते माझ्या शिक्षणाबद्दल होतं.

शेवटी दोघांनी मोजणीसाठी अर्ज केला. हिवाळ्यात मोजणी करणारे साहेब तिपाईवरचं यंत्र आणि नकाशा घेऊन आले. मी मुद्दाम रजा काढून गेले होते. त्यांनी दोन्ही दगड तपासले, नाल्यापर्यंत चालत गेले, परत येऊन नकाशावर बोट ठेवलं.

"धुरा या दगडापाशीच संपतो."

बाबांनी काकांकडे बघितलं. छाती पुढे आलीच.

"आणि तुमचं शेतही इथंच संपतं," साहेब बाबांना म्हणाले. मग काकांकडे वळले, "तुमचंही. पुढची जागा सरकारी आहे, नाल्याची."

साहेब यंत्र पेटीत ठेवू लागले. मग काका सरळ बाबांना म्हणाले, "पाहून राह्यला का दादा? आपली जागा गिळली सरकारनं."

"हाव ना," बाबा म्हणाले. "चाल, घरी चाल. चहा घेऊ."

चहा पिताना ठरलं की दोघांनी मिळून हरकत घ्यायची. अर्ज अर्थातच मी लिहायचा. कागद घेऊन बसले, आणि पहिल्याच वाक्यात धुरा कुठपर्यंत जातो ते लिहायची वेळ आली.

"दगडापर्यंत," बाबा म्हणाले.

"नाल्यापर्यंत," काका म्हणाले.

त्या दिवशी अर्ज राहिला. मी घरी गेले की काका अजून येतात, चहा होतो, कागद बाहेर निघतो. वाक्य पूर्ण होत नाही. मीही घाई करत नाही.