दाजींच्या अरबीतलं पिस्तूल

वापरलेलं जुनं सर्व्हिस पिस्तूल घेण्यासारखं आहे की नाही, हे सांगणं माझ्या कामाचाच भाग आहे. बरीच वर्षं सैन्यात हत्यारं दुरुस्त केली, आता दोह्यातल्या एका नेमबाजी क्लबात तेच करतो. वरच्या चकाकीला मी भुलत नाही. जुन्या हत्यारावर नवीकोरी काळी झिलई दिसली की उलट मला शंकाच येते, कारण ती कशावर तरी चढवलेली असते. नळीवरचा, सांगाड्यावरचा आणि स्लाइडवरचा नंबर एकच आहे का ते बघतो. नळीत बॅटरी मारून बघतो. स्प्रिंग दाबून बघतो. सर्वांत जास्त वेळ लागतो तो स्लाइडला. स्लाइड म्हणजे गोळी सुटताना नळीवरून मागेपुढे सरकणारा पोलादी भाग. सगळा धक्का तोच खातो. त्याला तडा असेल तर पिस्तूल कितीही नावाजलेलं असो, ते झाडायचं नाही. तुटला तर तुकडा मागे, झाडणाऱ्याच्या तोंडावर येतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मला दोह्यात त्यांनीच आणलं. एका वयस्कर कतारी गृहस्थांकडे ते किती तरी वर्षांपासून ड्रायव्हर आहेत. त्या गृहस्थांना घरातले सगळे नोकर ‘बाबा’ म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. इतक्या वर्षांत दाजींची अरबी अशी झाली आहे की ते नुसते ड्रायव्हर राहिलेले नाहीत. बाबांचा निरोप, बाबांचा सौदा, बाबांच्या डॉक्टरांशी बोलणं, सगळं दाजी. शुक्रवारी मात्र ते नजमा भागातल्या माझ्या खोलीवर येतात आणि मी थापलेल्या भाकरीला नावं ठेवत दोन जास्त खातात.

बाबा तरुणपणी पोलिसात होते. तेव्हा कमरेला असायचं तसंच पिस्तूल त्यांना म्हातारपणी परत हवं होतं. परवान्याचं त्यांचं ते बघणार होते. अल वक्र्यातल्या एका व्यापाऱ्याकडे तसं एक असल्याचं दाजींनी शोधून काढलं आणि मला म्हणाले, “पाव्हणं, तुमी नुसतं बघून सांगा. बाबा तुमच्या शब्दावर घेनार हायत.”

मला बरं वाटलं होतं. ते लपवत नाही.

व्यापाऱ्याच्या बैठकीत कहवा आला, खजूर आले, मग मखमली कापडात गुंडाळलेलं पिस्तूल आलं. मी मॅगझिन काढलं, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि पिस्तूल सुटं करायला लागलो. दाजी दोन्हीकडे हसतखेळत बोलत होते. मला मराठीत म्हणाले, “सावकाश बघा. बायकू बघायला गेल्तासा तवा तरी इतकं बघितलंत का?” बाबांनी विचारलं काय म्हणतो, तर ते त्यांनी अरबीत सांगितलं, आणि बाबा खोकला येईपर्यंत हसले.

झिलई नवी होती. स्लाइडवरचा नंबर बाकीच्यांशी जुळत होता, पण आकडे पुन्हा ठोकल्यासारखे. मग गोळीचं रिकामं टोपण बाहेर उडतं त्या स्लाइडमधल्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात माझं नख अडलं. भिंग लावलं. केसाएवढी रेघ, आतून बाहेर आलेली.

“दाजी,” मी मान वर न करता म्हणालो, “तडा आहे. स्लाइड बदललेलीही दिसतेय. हे घ्यायचं नाही. शोभेला ठेवायचं तर ठेवा म्हणावं, पण यातून एकही गोळी झाडायची नाही.”

दाजींनी मान डोलावली आणि बाबांकडे वळून बोलू लागले. बरंच बोलले. मला अरबी तुटपुंजीच येते, पण ‘झेन, वायद झेन’ म्हणजे चांगलं, फार चांगलं, हे इथे आल्याच्या पहिल्या महिन्यात कुणालाही कळतं. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “शुक्रन.”

बाबांना बाजारापुरती हिंदी येते. मी तिथेच ‘अच्छा नहीं है’ एवढं म्हणू शकलो असतो. पण दाजी बोलत होते, आणि परक्याच्या घरात, चार माणसांत, बहिणीच्या नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं हे माझ्या हाडात आहे. आमच्याकडे दाजी जेवायला बसले की भाजीत मीठ कमी आहे, हेसुद्धा त्यांनी म्हटल्याशिवाय कुणी म्हणत नाही. मी स्वतःची समजूत घातली, की यजमानाच्या तोंडावर त्याच्या वस्तूला वाईट म्हणू नये म्हणून ते गोड बोलतायत. खरं गाडीत सांगतील.

गाडीत बाबा मागे बसले होते, पिस्तुलाची पेटी मांडीवर घेऊन.

“दाजी, तड्याचं सांगितलंत ना?”

“सांगतो की. घरी गेल्याव निवांत सांगतो. तुमी तोंड पाडू नगा, म्हातारं आरशात बघतंय.”

मी तोंड नीट केलं. परदेशात आपली भाषा असली की हे एक बरं असतं, समोरच्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलता येतं. ही सवय आम्हा सगळ्यांनाच आहे, आणि तिची मजा वाटते. त्या दिवशी मात्र आरशात माझी बाबांशी नजरानजर झाली, ते प्रेमानं हसले, आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो.

पुढच्या आठवड्यात क्लबाच्या नोंदणीत बाबांचं नाव दिसलं. स्वतःचं पिस्तूल घेऊन येणार होते. म्हणजे दाजींनी सांगितलेलंच नव्हतं. शुक्रवारी ते खोलीवर आले तेव्हा मी तवा उतरवून ठेवला.

“दाजी, बाबा ते झाडणार आहेत.”

“पाच-सात गोळ्या मारतील हौसेनं, मग कपाटात पडंल. म्हाताऱ्याचा हात कापतोय, कितीदा मारनार हाय?”

“पहिलीच गोळी पुरे आहे.”

तेव्हा ते बोलले. व्यापाऱ्याचं मुशैरिबमध्ये ऑफिस होतं. सौदा झाला तर माझ्या भाच्याला तिथं चिकटवून घेतो, असा शब्द त्यानं दिला होता. भाचा डिग्री घेऊन घरी बसलेला.

“तुमच्याच बहिनीचं लेकरू हाय,” दाजी म्हणाले. “अन् हत्यार आधी तुमच्याच टेबलाव येनार ना? डोळं झाका की जरा.”

“आणि काही झालं तर?”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही. एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, “झालं तर मला कोन इचारतंय? मी ड्रायव्हर मानूस. तपासलं कुनी?”

भाच्यासाठी त्यांनी खोटं बोलावं, हे मी एक वेळ गिळलं असतं. पण त्या खोट्याखाली माझं नाव त्यांनी आधीच घालून ठेवलं होतं. ‘तुमच्या शब्दावर घेनार’ म्हणाले होते ते खरंच होतं. फक्त तो शब्द मी दिलेला नव्हता. ते न जेवता गेले, आणि इतकं होऊनही मी जिन्यापर्यंत त्यांना सोडायला गेलो.

बाबा क्लबात आले ते इस्त्रीचा पांढरा पायघोळ थोब घालून, सणाला निघाल्यासारखे. दाजी मागे उभे. बाहेरचं हत्यार आधी मी तपासतो, हा क्लबचा नियमच आहे. मी पिस्तूल सुटं केलं आणि बाबांना जवळ बोलावलं. त्यांची नजर आता अधू झाली आहे, केसाएवढी रेघ त्यांना दिसली नसती. मी स्लाइडला पातळ तेल लावलं, थोडं थांबलो, कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. तड्यात मुरलेलं तेल हळूहळू वर आलं. पांढऱ्या पुडीवर एक काळी रेघ उमटली, चांगली नखाएवढी लांब.

बाबा वाकून बघत राहिले. मागून दाजींचा आवाज आला, मराठीत, अगदी सहज, “पाव्हणं, आत्ताच गेलाय म्हना. आनताना पडलं म्हना.”

मी बाबांना म्हणालो, “बाबा, पहले से है. मैंने उसी दिन बोला था.”

दाजींचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. बाबांनी सरळ होत दाजींकडे वळून बघितलं. मग मला म्हणाले, “तुमको हिंदी आता. हमको हिंदी आता. उस दिन क्यों नहीं बोला?”

दाजींचं बोलणं चारचौघांत खोडायचं नाही हा आमच्या घरचा मान आहे, हे मला हिंदीत सांगता आलं नसतं, आणि मराठीतही ते शहाण्यासारखं वाटलं नसतं. पिस्तूल व्यापाऱ्याकडे परत गेलं. दाजींची नोकरी राहिली, पण बाबांनी आता सौद्यांसाठी दुसरा माणूस ठेवला आहे. दाजी फक्त गाडी चालवतात. शुक्रवारी माझ्याकडे येत नाहीत.

मग गावाहून आक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, “हे म्हनत्यात, आधी तूच चांगलं हाय म्हनालास. मग अरबापुढं मोठं व्हायला शब्द फिरवलास.”

“आक्का, मी पहिल्याच दिवशी नाही म्हणालो होतो. त्यांनी अरबीत उलटं सांगितलं.”

मागे मिक्सर चालू होता तो बंद झाला.

“ठावं हाय मला,” ती हळू म्हणाली. “त्यास्नी मी आज वळखते का? पन पोराला, सासूला, भावकीला त्यांनी असंच सांगितलंय. आता ते खोटं पडलं तर मी कुठं बघू? तू दिवाळीला येशील, तवा कुनी इचारलं तर आधी चांगलं वाटलं हुतं म्हन. एवढंच.”

“आणि मी शब्द फिरवला, तेही खरं करू?”

“तू जाशील परत दोह्याला. ऱ्हायाचं मला हाय हितं.”

तिची अडचण मला कळत होती, म्हणूनच ते जास्त लागलं. दाजींनी माझा शब्द मला न विचारता वापरला. आक्का विचारून मागत होती. एकदा गप्प बसून मी एका म्हाताऱ्याला त्या पिस्तुलापर्यंत नेलं होतं. आता तेच खोटं पुन्हा, या वेळी माझ्याच तोंडानं.

“नाही म्हणता येणार, आक्का,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली. “मग या वर्षी येऊ नगंस.”