कमलकाकूंचा पी.पी. नंबर

माझं पहिलं स्थळ कमलकाकूंनी परस्पर मोडलं. आम्हाला न विचारता, स्वतःच्या फोनवरून.

आज सकाळी त्या गेल्या.

नव्वदच्या दशकातलं सुरत. गोडादऱ्यातली आमची तीन मजली बिल्डिंग. फोन एकच, तिसऱ्या मजल्यावर काकूंकडे. काका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर, म्हणून मिलने दिलेला. बाकी आम्ही सगळे अर्ज भरून वर्षानुवर्षं वाट बघत बसलेलो. तोवर नोकरीचा अर्ज असो की लग्नाचा बायोडेटा, नंबर काकूंचाच. त्यापुढे पी.पी.

नव्या पोरांना सांगते, पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, ते बोलावून देतील.

काकू बोलावून देत. पण आधी मुलाखत घेत.

घरात अहिराणी, भाजीवाल्याशी गुजराती, आणि रिसीव्हर उचलला की थेट शाळेच्या पुस्तकातलं मराठी. "आपण कोण बोलत आहात? आपलं काम काय आहे?" माझ्या मैत्रिणी घाबरून फोन ठेवून द्यायच्या.

आणि प्रत्येक मशीनवर मत. कोणी विचारो न विचारो.

पहिल्या मजल्यावरच्या साडीच्या दलालाने पेजर घेतला, तर काकू म्हणाल्या, "हाऊ फोन नही, फोननी चिठ्ठी शे. वाजस त्याना कंबरले, अन् फोन कराले येस मन्हा घर."

आणि खरंच, पेजर वाजला की दलाल फोन करायला तिसऱ्या मजल्यावरच यायचा.

कॉम्प्युटर? "टीव्हीसमोर टाइपरायटर ठेवा, झाया कॉम्प्युटर. कंपन्या येडा बनाडतस लोकेसले."

पण त्यांचा सगळ्यात डोक्यात जाणारा सिद्धांत वेगळाच होता. फोनवर ओरडणारा माणूस घरातही ओरडतो.

अहो, लाईनच तशी होती. धुळ्याहून बोलायचं तर देवमाणसालाही घसा फोडावा लागायचा. हे मी त्यांना हजारदा सांगितलं. एकदा म्हटलं, "काकू, माझे पप्पापण फोनवर ओरडतात."

"मंग?" काकू म्हणाल्या.



तर, मी बी.कॉम. झाले आणि पप्पांनी स्थळं बघायला घेतली. पप्पा मराठी शाळेत मास्तर. मला अजून शिकायचं होतं, नोकरी करायची होती, पण त्यांच्यासमोर तोंड उघडायची माझी टाप नव्हती. धुळ्याच्या मामांनी एक स्थळ सुचवलं. मुलाचे वडील फोन करणार होते, मुलगी बघायला कधी येऊ ते विचारायला.

फोन आला. आम्हाला कोणी बोलवायलाच आलं नाही.

आठ दिवसांनी मामांचं पत्र आलं. मुलगी कॉम्प्युटर शिकते, दोन वर्षं लग्नाचा विचार नाही, हे तुम्ही आम्हाला आधी का कळवलं नाही? त्या लोकांसमोर माझी काय शोभा झाली.

पप्पा पत्र घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. मी मागोमाग.

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो माणूस कितला बोंबलस. मी सांगी दिन्हं."

पप्पांनी तिथल्या तिथे काकूंशी बोलणं टाकलं. मी पण चिडले होते. माझ्या आयुष्याचा निर्णय, आणि मला विचारायचं तरी! पण आता सगळ्या नातेवाइकांत बातमी पसरलेली. मास्तरांची मुलगी कॉम्प्युटर शिकते. ती शिकत नाही असं कळलं तर मास्तर खोटे ठरणार. आणि पप्पांना सगळं चाललं असतं, हे नाही.

मग मला खरंच क्लास लावायचं ठरलं, आणि तो बघायला काकू स्वतः गेल्या. पप्पांशी बोलणं बंद होतं, म्हणून आईला येऊन सांगितलं, "एसी शे. सगळ्या पोरी चपला बाहेर काढीसन बसतस. देवळासारखं शे."

तेव्हा कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून चपला बाहेर काढायला लावायचे. काकूंना ते पावित्र्य वाटलं. आईलाही वाटलं. सोमवारी माझं नाव घातलं.

दोन वर्षांनी नोकरीचा फोन आला, तोही त्यांच्याकडेच. रिसीव्हर बाजूला ठेवून, दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरत आल्या. "जाय, कोणी तुले इचारी ऱ्हायना. हळू बोलस. चांगला माणूस दिसस."

तेव्हापासून आजतागायत मी कॉम्प्युटरच्याच कामात आहे.

आणि तेव्हापासून काकूंची फुकटची मेकॅनिकही. "तू कॉम्प्युटरवाली ना? मंग मिक्सर बघ." मिक्सर, गीझर, सेट टॉप बॉक्स. काकू, माझं ते काम नाही हो. "मंग इतली शिकनी कशाले?"

किती वैताग दिला या बाईने!

गेल्या महिन्यात नवागामला त्यांच्या मुलाकडे भेटायला गेले. खूप बारीक झाल्या होत्या. मनाशी ठरवूनच गेले होते. जवळ बसून म्हटलं, "काकू, तुम्ही तेव्हा त्या फोनवर तसं सांगितलं नसतं तर मी आज कुठे असते कोण जाणे. हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही."

काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग उशीजवळचा मोबाईल माझ्या हातात दिला.

"हाऊ पहाय. आवाजच येत नही. पोरगा नवा लई उना, तरी तेच."

मी नंबर लावून बघितला. आवाज फुल होता. खोलीच्या दारापर्यंत ऐकू येत होता.

मोबाईल चांगला होता.

मी त्यांच्या कानाशी वाकून, घसा फोडून ओरडले, "हो काकू, बिघडलाय! कंपनीच फालतू आहे!"

"मी म्हनतच व्हतू," काकू म्हणाल्या, आणि समाधानाने डोळे मिटले.

मी काय बोलले होते ते त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. ते परत ओरडून सांगायचा मला धीर झाला नाही. पुढच्या वेळी सांगू म्हटलं.

म्हणून आज इथे लिहिते आहे.

काकू, नीट जा. दुसऱ्या मजल्यावरच्या वैशूचा साष्टांग नमस्कार.